नाळ, घळ आणि सांद : दरीत पहिले पाऊल कोणाचे?

१/
परभणी जिल्ह्यात वाढलेल्या मुलीने दऱ्यांच्या इतिहासावर लिहावे, यात थोडा विनोद आहे. आमच्याकडे नजर पोहोचेल तिथवर काळी माती. डोंगर पाहायचा तर जिंतूरच्या नेमगिरीपर्यंत जावे लागते. तरीही आजचा हा धागा खोल, अरुंद दऱ्यांत उतरण्याच्या खेळाविषयी, म्हणजेच ‘कॅनियनिंग’विषयी आहे, आणि त्याचा आरंभ मी गंगाखेडच्या घाटावरून करणार आहे. असे का, ते पुढे उलगडेल.

२/
प्रथम खेळाची ओळख. गिर्यारोहक शिखराच्या दिशेने चढतो. कॅनियनिंग करणारा पाण्याच्या मागोमाग उतरतो. प्रवाहाने खडकात कोरलेल्या चिंचोळ्या दरीतून वरून खाली जायचे. कुठे चालायचे, कुठे छातीभर पाण्यातून पलीकडे व्हायचे, कुठे दोर लावून कडा उतरायचा. या खेळातील सर्वांत गंभीर क्षण दोर खाली ओढून घेण्याचा असतो. दोर एकदा हातात आला की परतीची वाट संपली. यापुढे दरी नेईल तिकडेच जायचे.

३/
महाराष्ट्रात या खेळाचे नाव निघाले की पहिला उल्लेख सांदण दरीचा होतो. अहिल्यानगर जिल्ह्यातील अकोले तालुक्यात, रतनगडाच्या शेजारी साम्रद नावाचे गाव आहे. गावाबाहेर सपाट जमिनीला अचानक भेग पडते. दोन्ही बाजूंना शेकडो फूट उंच कातळ, मधली वाट काही ठिकाणी जेमतेम दोन-चार माणसांच्या रुंदीची, आणि ऊन्हाळ्यातही अंगावर काटा आणणारे थंड पाणी. ही भेग पश्चिमेकडे उतरत जाते आणि शहापूर तालुक्यातील डेहणे गावाच्या बाजूला कोकणात उघडते.

४/
आता गंगाखेड. रतनगडाच्या पूर्वेकडील उतारावर पडणारे पाणी प्रवरा नदीत जाते. भंडारदऱ्याच्या धरणात ते क्षणभर विसावते, नेवाशाजवळ प्रवरासंगमला गोदावरीत मिसळते, आणि जायकवाडी ओलांडून परभणी जिल्ह्यात येते. संत जनाबाईंच्या गंगाखेडात माझी आजी या नदीला गोदावरी कधी म्हणत नसे. तिच्यासाठी ती ‘गंगा’च. तिच्या तांब्यात येणाऱ्या पाण्याचा एक अंश सांदणच्या शेजारच्या डोंगरावरून निघालेला असे, हे तिला ठाऊक नव्हते. मलाही ते विद्यापीठात आल्यावर, नकाशा समोर पसरल्यावर कळले.

५/
एकाच डोंगरावरचा पाऊस पश्चिमेला दरी कोरतो आणि पूर्वेला सपाट शेते भिजवतो. कारण साधे आहे. पश्चिमेचे पाणी काही किलोमीटरांच्या आत शेकडो मीटर खाली कोसळते. परभणी समुद्रसपाटीपासून सुमारे ४०० मीटरवर आहे, आणि तेवढा उतार उतरायला गोदावरीला बंगालच्या उपसागरापर्यंतची शेकडो किलोमीटरची वाट मिळते. तिची एकूण लांबी १,४६५ किलोमीटर. घाई नसलेली नदी गाळ पसरत चालते. घाईतले पाणी कातळ चिरते.

६/
हा कातळ म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखींचा लाव्हा. थरावर थर साचून दख्खनचे पठार घडले. लाव्हा थंड होताना त्याला उभ्या भेगा पडल्या. घाटमाथ्यावरील मुसळधार पावसाने नेमक्या याच भेगा धरल्या आणि रुंदावल्या. परभणीची काळी माती हीदेखील त्याच बेसॉल्टची झीज. म्हणजे सांदणची भिंत आणि आमच्या कापसाचे शेत, दोघांचे कूळ एकच.

७/
आता इतिहासाच्या विद्यार्थिनीला छळणारा प्रश्न. या खेळात ‘प्रथम अवरोहण’ फार मानाचे असते. एखाद्या दरीतून सर्वांत आधी कोण उतरले, कोणत्या साली, किती दिवसांत, याची नोंद ठेवली जाते. नोंद असणे चांगलेच. परंतु ‘पहिला’ हा शब्द कोणी, कोणाविषयी आणि कोणत्या कागदाच्या आधारे वापरला, हे तपासणे आपले काम आहे. त्यासाठी थोडे परदेशात जाऊन येऊ.

८/
१८६९. अमेरिकेतील यादवी युद्धात उजवा हात गमावलेला जॉन वेस्ली पॉवेल नऊ माणसे आणि चार होड्या घेऊन कोलोरॅडो नदीच्या महादरीत शिरला. तीन महिन्यांनी बाहेर पडले तेव्हा त्याच्यासह सहाच जण उरले होते. इतरांनी वाटेत मोहीम सोडली होती. धाडस अस्सल होते, यात शंका नाही. पण ज्या दरीतून ही ‘पहिली’ मोहीम गेली, तिच्या कातळात शेकडो वर्षांपूर्वीची धान्याची कोठारे होती आणि हवासुपाई लोक तिथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होते.

९/
१९०५. फ्रान्समधील व्हेर्दों नदीची दरी एदुआर-आल्फ्रेद मार्तेलने पार केली. गुहांच्या शास्त्रीय अभ्यासाचा तो एक जनक. आधुनिक कॅनियनिंगच्या वंशावळीत त्याचे नाव अग्रभागी असते. त्याच्यासोबत रूगों गावचा शाळामास्तर इझिदोर ब्लां होता, हे फार थोड्यांना माहीत असते. त्याच दरीत स्थानिक लाकूडतोडे दोरांना लोंबकळून बॉक्सवुड तोडायला उतरत, कारण त्या कठीण लाकडापासून खेळाचे चेंडू बनत. हे लोक पोटासाठी उतरत होते. त्यांना कोणी प्रथम अवरोहणकर्ते म्हटले नाही.

१०/
हाच प्रश्न घेऊन आता घरी परतू. सह्याद्रीच्या चिंचोळ्या वाटांवरील सर्वांत जुना लेखी पुरावा नाणेघाटात आहे. जुन्नर तालुक्यातील घाटमाथा आणि मुरबाड तालुक्यातील कोकण यांना जोडणारी ही वाट. माथ्याजवळ दोन कातळांमधून ती एखाद्या नळीसारखी जाते. तिथल्या लेण्यात सातवाहन राणी नागनिकेचा ब्राह्मी लेख आहे. काळ साधारण इ.स.पू. पहिले शतक. घाटमाथ्यावर दगडी रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत, असे परंपरा सांगते.

११/
या घळीशी मराठवाड्याचा काय संबंध? फार जवळचा. सातवाहनांची राजधानी प्रतिष्ठान, म्हणजे आपले पैठण, गोदावरीवर. कल्याणच्या बंदरात उतरलेला माल नाणेघाट चढून जुन्नरमार्गे पैठणकडे आणि पुढे तेरकडे जाई. ‘पेरिप्लस’ या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक व्यापारी मार्गदर्शिकेत कल्याण, पैठण आणि तेर या तिन्हींचा उल्लेख आहे. सपाट मैदानातील बाजारपेठांचा श्वास डोंगरातील एका अरुंद फटीतून चालत होता.

१२/
नागनिकेच्या लेखात यज्ञांची आणि दक्षिणेची लांबलचक यादी आहे. गाई, घोडे, कार्षापण, सारे आकड्यांसह. ही भारतातील प्राचीन अंकचिन्हांची एक महत्त्वाची नोंद मानली जाते. मात्र ज्यांनी ही फट प्रथम चढून पाहिली, कातळ फोडून पायऱ्या काढल्या आणि ओझी वाहिली, त्यांच्यासाठी एकही ओळ नाही. त्यांचा पुरावा म्हणजे ती वाटच.

१३/
दुसरे उदाहरण मराठवाड्यातलेच, आणि जगप्रसिद्ध. २८ एप्रिल १८१९. मद्रास घोडदळाच्या २८व्या पलटणीतील अधिकारी जॉन स्मिथ शिकारीसाठी वाघोरा नदीच्या दरीत आला आणि त्याला झाडीमागे लेण्याची कमान दिसली. पाठ्यपुस्तकांत आपण वाचतो, ‘अजिंठ्याचा शोध लागला.’ स्मिथने लेणे क्रमांक १० मधील एका खांबावर आपले नाव आणि तारीख कोरली. ती अक्षरे आज डोक्याच्याही वर दिसतात, कारण तो जमिनीवर उभा नव्हता. शतकानुशतके साचलेल्या राडारोड्यावर उभा होता.

१४/
त्या राडारोड्याखाली काय होते? वाघोरेच्या नालाकृती दरीत इ.स.पू. दुसऱ्या-पहिल्या शतकापासून भिक्षू राहत होते. पाचव्या शतकात वाकाटक सम्राट हरिषेणाच्या काळात तिथे नवी लेणी कोरली गेली. त्याचा मंत्री वराहदेव याचा लेख लेणे क्रमांक १६ मध्ये आहे. आज आपण ज्या सलग पायवाटेने एका लेण्यातून दुसऱ्यात जातो ती अलीकडची. मूळ रचनेत लेण्यांतून स्वतंत्र जिने थेट नदीच्या पात्रात उतरत. दरी हाच तिथला राजरस्ता होता.

१५/
म्हणजे स्मिथच्या आधी सुमारे दोन हजार वर्षांपासून माणसे त्या दरीचा उतार रोज पायाखाली घालत होती. पाण्याला जाणे, आंघोळ करणे, भिक्षेसाठी बाहेर पडणे, सारे दरीतूनच. लेणी ओस पडल्यानंतरही परिसरातील गावकऱ्यांना आणि गुराख्यांना दरी ठाऊक होती. स्मिथने लेणी इंग्रजी कागदपत्रांत आणली. त्याचे महत्त्व आहे. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिलने चित्रांच्या प्रतिकृती करायला घेतल्या त्या त्यामुळेच. पण ‘कागदावर आणणे’ आणि ‘शोधणे’ या दोन वेगळ्या क्रिया आहेत.

१६/
तिसरे उदाहरण रणांगणाचे. २ फेब्रुवारी १६६१, उंबरखिंड. शाइस्तेखानाने धाडलेला कारतलबखान लोणावळ्याच्या बाजूने कोकणात उतरत होता. अरुंद, गर्द झाडीच्या वाटेत फौज लांबलचक रेषेत पसरली, आणि शिवाजी महाराजांनी तिची पुढची व मागची अशी दोन्ही तोंडे बंद केली. खानाला खंडणी देऊन सुटका करून घ्यावी लागली. त्याच्या सैन्यात रायबाघन होती. माहूरच्या देशमुख घराण्यातील, म्हणजे आपल्याच मराठवाड्यातील कर्तबगार स्त्री. कवींद्र परमानंदाच्या ‘शिवभारता’त हा प्रसंग सविस्तर आला आहे.

१७/
उंबरखिंडीतून कॅनियनिंगला लागू पडणारा एक नियम मिळतो. अरुंद जागेत संख्या उपयोगी पडत नाही. वाट कुठे वळते, पाणी कुठे आहे आणि बाहेर पडायला जागा कुठे आहे, हे ज्याला ठाऊक तोच तरतो. हे ज्ञान मावळ्यांनी कुठून मिळवले? गुरे राखताना, मध काढताना, बाजाराला जाताना. पिढीजात पायपिटीतून आलेले हे भूगोलाचे शिक्षण होते.

१८/
एकोणिसाव्या शतकात इंग्रजांनी हे ज्ञान गोळा केले. १८८२चे ठाण्याचे आणि १८८४चे अहमदनगरचे गॅझेटियर उघडा. घाटांच्या याद्या सापडतील : कोणत्या वाटेने लादलेला बैल जातो, कोणती केवळ पायी माणसाची. ही माहिती अर्थातच स्थानिकांकडून आली. तोवर चित्र पालटले होते. १८६३ मध्ये बोरघाटातून आणि १८६५ मध्ये थळघाटातून रेल्वे सुरू झाली. माल आगगाडीत चढला, बैलांचे तांडे ओसरले, आणि शेकडो लहान वाटा हळूहळू रानात मिसळल्या.

१९/
उरली ती नावे. बोराट्याची नाळ. सिंगापूरची नाळ. आग्यानाळ. हरिश्चंद्रगडाकडे चढणारी नळीची वाट. रामदासांची शिवथरघळ. मराठीत ‘दरी’ या एका शब्दावर भागत नाही. दोन कड्यांमधून उतरणारी, दगडगोट्यांनी भरलेली चिंचोळी वाट म्हणजे नाळ. कातळात पाण्याने पोखरलेली खोलगट जागा म्हणजे घळ. डोंगररांगेतील खाच म्हणजे खिंड. बांबू-लाकडाची शिडी लावून चढायची ती निसणीची वाट. कॅनियनिंगची परिभाषा आपण परदेशातून घेतली, पण दरी ‘वाचण्याची’ परिभाषा आपल्याकडे आधीपासून होती. जो समाज एखाद्या गोष्टीला इतके बारकाईने नाव देतो, तो तिथे वावरलेला असतो.

२०/
दोन वर्षांपूर्वी मैत्रिणींसोबत सांदणला गेले. साम्रदच्या वाटाड्याने दरीच्या मध्यावर थांबवून वर बोट दाखवले. आमच्या डोक्यावर दोन-तीन पुरुष उंचीवर, दोन भिंतींच्या मध्ये झाडाचा एक वाळका ओंडका अडकला होता. “हा कोणी ठेवला?” मी विचारले. “पाण्यानं,” तो म्हणाला. “पाऊस इथंच पडायला पायजे असं नाय, ताई. वरती पडला की पानी इथं येतं.” मी निळ्या आकाशाकडे पाहिले आणि पुन्हा त्या ओंडक्याकडे. अभिलेखागारात इतका स्पष्ट दस्तऐवज मी अजून पाहिलेला नाही.

२१/
त्याचे वाक्य या खेळाच्या इतिहासातील सर्वांत महाग धडा आहे. २७ जुलै १९९९ रोजी स्वित्झर्लंडमध्ये इंटरलाकेनजवळच्या झाक्सेतेनबाख ओढ्यात वरच्या भागातील वादळाने अचानक लोंढा आला आणि २१ जणांचा जीव गेला. त्यांत तीन वाटाडे होते. आपल्याकडे ३० जून २०२४ रोजी लोणावळ्याजवळ भुशी धरणाच्या परिसरात एकाच कुटुंबातील पाच जण अशाच लोंढ्यात वाहून गेले. चिंचोळ्या जागेत पाण्याची पातळी बघता बघता चढते आणि बाजूला सरकायला जागा नसते. म्हणूनच सांदणमध्ये पावसाळ्यात उतरत नाहीत; तिचा हंगाम पावसाचे पाणी ओसरल्यावरचा.

२२/
महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये साहसी पर्यटनाचे धोरण आणले. नोंदणी, प्रशिक्षण, सुरक्षेची साधने हे सारे आवश्यकच आहे. पण नियमपुस्तिकेत ढगाची दिशा लिहिता येत नाही. ती त्या गावातल्या माणसाला कळते. त्याला केवळ ‘सामान वाहणारा’ समजून मोबदला द्यायचा, की त्या दरीचा जाणकार मानून त्याचा शब्द अखेरचा ठेवायचा, हा प्रश्न इतिहासाचा तर आहेच, जिवाचाही आहे. त्या दिवशी त्याने “आता निघा” म्हटल्यावर आम्ही दोन छायाचित्रे काढायची सोडून निघालो.

२३/
आता पुन्हा नावांकडे. अलीकडे जाहिरातींतून सांदणला ‘व्हॅली ऑफ शॅडोज’ म्हणतात. नाव आकर्षक आहे. पण ‘सांदण’ हा शब्द पहिल्यांदा कानावर पडला तेव्हा मला आमच्या गावातील जुन्या घरांमधली सांद आठवली. दोन भिंतींच्या मधली, एकच माणूस आडवे होऊन जाईल अशी बोळवजा जागा. लपाछपी खेळताना आम्ही तिथे दडत असू. डोंगर न पाहिलेल्या परभणीच्या मुलीलाही त्या एका नावाने दरीचे रूप नेमके कळले. इंग्रजी नावाने ते कळले नसते.

२४/
नाव बदलले की त्यामागचे वावरणेही पुसले जाते. शंभर वर्षांनी कोणी या दरीचा इतिहास लिहील तेव्हा त्याला समाजमाध्यमांवरील चित्रफिती सापडतील, ‘पहिल्यांदा दोर कोणी लावला’ याची नोंद सापडेल. साम्रदच्या माणसांनी ऊन्हातान्हात गुरे पाण्याला नेली, कोकणात उतरायला शेजारचा करोली घाट तुडवला, हे मात्र कोणी आज लिहून ठेवले तरच सापडेल.

२५/
म्हणून शेवटी एक विनंती. आपल्यापैकी जे सह्याद्रीत भटकतात त्यांनी पुढच्या खेपेस वाटाड्याला तीन गोष्टी विचाराव्यात : या वाटेचे तुमच्याकडचे नाव काय, ते कशावरून पडले, आणि तुमचे आजोबा-आजी इथून कशासाठी जात. उत्तर त्याच्याच शब्दांत, तारीख आणि गावाच्या नावासह वहीत उतरवा. त्याची परवानगी असेल तर त्याचे नावही लिहा. संशोधनाची सुरुवात एवढ्यानेही होते.

२६/
मागच्या दिवाळीत गंगाखेडला गेले तेव्हा आजीला सांदणची छायाचित्रे दाखवली. तिने बराच वेळ पाहून विचारले, “एवढ्या खाली उतरून आणलं काय?” माझ्याजवळ उत्तर नव्हते. मग मी तिला रतनगड, प्रवरा, पैठण असा नकाशावर बोट फिरवत पाण्याचा सारा प्रवास सांगितला. ती उठली, घाटावर गेली आणि नेहमीसारखा तांब्या भरून घेतला. परतताना म्हणाली, “म्हंजी लई लांबून येतं की गं.” त्या वाटाड्याचे आणि आजीचे वाक्य मी प्रबंधाच्या वहीत एकाच पानावर लिहून ठेवले आहे.

धागा समाप्त. आपल्या भागातील नाळ, घळ, खिंड किंवा सांद यांची नावे माहीत असल्यास खाली अवश्य लिहा; गावाचे नाव सोबत द्यायला विसरू नका.